कर्णभूषण घरचे, किल्ली कोणाची?

अमेरिकेच्या पश्चिम भागातील युटा हे राज्य आपल्याकडे ज्या थोड्यांना ठाऊक आहे, त्यांना ते तेथील विस्तीर्ण खारट सरोवरामुळे आणि मॉर्मन पंथीयांमुळे. मोठे कुटुंब, भरलेले कोठार आणि घरातल्या घरात होईल तेवढे स्वतःच्या हाताने करणे, या गोष्टींना त्या पंथाच्या आचारात मोठे स्थान आहे. अशा भूमीत गृहिणींच्या हस्तकलेचा व्यवसाय बहरावा आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील एका कंपनीने घरगुती कापणी-यंत्र बाजारात आणावे, यात नवल नाही. 'क्रिकट' हे त्या यंत्राचे नाव. पुढे कंपनीनेही तेच नाव धारण केले. संगणकाच्या छपाईयंत्राएवढी ही पेटी स्वयंपाकघरातील टेबलावर मावते. पडद्यावर रेखाटलेला आकार तिच्यातील बारीक पाते कागदावर, कापडावर किंवा रेक्झिनवर हुबेहूब कापून देते.

या यंत्रावर तेथील स्त्रिया जे जे बनवतात, त्यात रेक्झिनची कर्णभूषणे विशेष लोकप्रिय आहेत. रेक्झिन म्हणजे नकली कातडे. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते मुळात इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कंपनीचे व्यापारी नाव. (त्या गावाच्या नावाचा उच्चार इंग्रजीतील 'कातडे' या अर्थाच्या शब्दासारखाच आहे, हा योगायोग गमतीचा.) कापडावर रसायनाचा लेप देऊन कातड्याचा आभास निर्माण करायचा, ही त्यामागची युक्ती. आज तो लेप बहुधा पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. त्याला 'व्हेगन लेदर' असे सात्त्विक नाव देऊन विकण्याची टूम अलीकडे निघाली आहे. प्राण्याची हत्या झाली नाही हे खरे. पण प्लास्टिक ते प्लास्टिकच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल करणारा आपला चर्मकार बंधू या नव्या सात्त्विकतेपुढे हिंसक ठरतो आणि खनिज तेलापासून बनलेला लेप पवित्र ठरतो, हा न्याय प्रस्तुत लेखकाला पटलेला नाही.

कृती सोपी वाटते, पण तिच्यातही हात बसावा लागतो. चिकट पृष्ठभागाच्या एका चटईवर रेक्झिनचा तुकडा सामान्यतः पालथा चिकटवतात, म्हणजे चकचकीत बाजू खाली आणि कापडाची बाजू वर. त्यामुळे आकार आरशातल्याप्रमाणे उलटा करून घ्यावा लागतो. ते विसरल्यास अक्षरे उलटी उमटतात. कापडाची बाजू खाली ठेवली तर तिचा भुसा चटईला लागून चिकटपणा लवकर जातो, म्हणून तसे ठेवायचे झाल्यास जाणत्या स्त्रिया आधी कापडाच्या बाजूस एक पातळ चिकट कागद लावून घेतात. जाड रेक्झिन एका फेरीत कापले जात नाही. पाते त्याच रेषेवरून दोन-तीनदा फिरवावे लागते. मग पाकळी उचलायची, वरच्या टोकाला भोक पाडायचे, दोन पकडींनी बारीक कडी उघडायची (बाजूला वळवून, ओढून नव्हे, ओढली की तिचा गोल बिघडतो) आणि आकड्यात अडकवायची. आकड्यात निकेल असेल तर अनेकींच्या कानाला खाज सुटते, तेवढी काळजी घ्यायची. फूटभर लांब-रुंद तुकड्यातून दीड-दोन डझन पाकळ्या सहज निघतात.

ही वस्तू लोकप्रिय होण्याचे कारण तिचे वजन. आपल्याकडे कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. कुडी, बुगडी, झुबे, कर्णफुले अशी कानाच्या अलंकारांची परंपरा समृद्ध आहे. पण जड झुब्यांनी कानाची पाळी ओघळते, म्हणून तर ते पेलण्यासाठी केसांत अडकवायचे वेल घडवले गेले. रेक्झिनची अडीच इंचांची पाकळी मात्र कानाला जाणवतही नाही. भांडवल थोडे, जागा टेबलाएवढी, वेळ मुले शाळेत गेल्यावरचा. घर न सोडता चार पैसे मिळवू इच्छिणाऱ्या स्त्रीला याहून सोयीचा उद्योग कोणता? अशी यंत्रे आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात. त्यामुळे युटाची ही कथा नुसती युटाची राहिलेली नाही, आणि म्हणूनच तिचा उत्तरार्ध आपण नीट वाचला पाहिजे.

क्रिकट हे यंत्र विकत घेणारी स्त्री पैसे मोजून पेटी घरी आणते. परंतु त्या पेटीला आज्ञा देणारे सॉफ्टवेअर कंपनीचे असते. कंपनीकडे खाते उघडावे लागते, यंत्राची नोंदणी करावी लागते आणि आकार कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून यंत्राकडे पाठवावा लागतो. जुन्या यंत्रांना इतरांची सॉफ्टवेअर वापरता येत असत. कंपनीने ती बनवणाऱ्या छोट्या उद्योजकांना न्यायालयात खेचून तो मार्ग बंद केला. पुढे २०१८ मध्ये जुन्या यंत्रांना संगणकाशी जोडणारे स्वतःचेच सॉफ्टवेअर कंपनीने बंद केले. यंत्रे सुस्थितीत होती, पाती धारदार होती. पण पूर्वी विकत घेतलेल्या नमुन्यांच्या डब्या घालून जेवढे कापता येईल तेवढेच काम त्यांच्याकडून होऊ लागले. स्वतः रेखाटलेला आकार त्यांच्याकडून कापून घेण्याची वाट संपली. ज्यांना ती हवी होती, त्यांनी नवे यंत्र घ्यावे, अशी व्यवस्था होती.

खरा उद्रेक झाला तो मार्च २०२१ मध्ये. दरमहा सुमारे दहा डॉलर वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला केवळ २० आकार सॉफ्टवेअरमध्ये चढवता येतील, अशी घोषणा कंपनीने केली. हा नियम नेमका कोणावर पडणार होता, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीचे तयार नमुने वापरणारीवर नव्हे, तर स्वतःची कल्पना चालवून स्वतः आकार काढणारीवर! घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रिया खवळल्या. हजारोंच्या सह्यांची निवेदने निघाली, यंत्रे परत करण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. कंपनीने आधी जुन्या ग्राहकांपुरती सवलत देऊ केली. तेवढ्याने भागेना, तेव्हा मुख्याधिकारी आशीष अरोरा यांना संपूर्ण माघार जाहीर करावी लागली. (हे नाव वाचून ज्यांची छाती अभिमानाने फुगेल, त्यांनी भांडवलाला गोत्र नसते हेही ध्यानी घ्यावे.) त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीचे समभाग नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात दाखल झाले. भागधारकांना एकदाच होणारी विक्री आवडत नाही, दरमहा येणारी वर्गणी आवडते, हे त्या व्यवसायाचे उघड गुपित आहे.

सॉफ्टवेअर चालवायला, संगणक सांभाळायला खर्च येतो, तो कंपनीने का सोसावा, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण पेटी विकताना तो खर्च किमतीत धरता येत नव्हता काय? आणि आकार ज्या बाईच्या संगणकात आहे, यंत्र ज्या बाईच्या टेबलावर आहे, तिच्या या हातातून त्या हातात वस्तू जाताना ती परदेशातील तिसऱ्या दारावरून फिरून का यावी? ती माघार ही त्या स्त्रियांच्या संघटित शक्तीचा विजय होता हे मान्य करूनही सांगावे लागते, की माघार कंपनीने घेतली. किल्ली मात्र कंपनीकडेच राहिली.

आपल्या घरांतील शिवणयंत्राशी याची तुलना करून पाहावी. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधील एका संवादात शिवणयंत्राला अपवाद मानले होते. महाराष्ट्रातील किती विधवांनी, किती परित्यक्तांनी त्या काळ्या यंत्रावर मुलांची शिक्षणे केली, त्याची गणती नाही. यंत्र जुने झाले तर दुरुस्तीवाला घरी येई, तेल घाली, वादी बदली. कंपनी बुडाली तरी यंत्र चालत राही. खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई. अवजाराची पूजा करणाऱ्याच्या मनात एक गृहीत असते, की हे माझे आहे आणि माझ्या हातात चालते.

एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या एकात्म मानवदर्शनावरील व्याख्यानांत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी यंत्राचा विचार आवर्जून केला आहे. यंत्र हे माणसाचे साहाय्यक असावे, त्याचे प्रतिस्पर्धी नव्हे. आणि ते देशाच्या परिस्थितीला अनुरूप घडवलेले असावे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो हातांचे काम हिरावणाऱ्या मोठ्या यंत्रांचा. क्रिकटसारखे यंत्र हातांचे काम हिरावत नाही, उलट ते वाढवते. त्या कसोटीला ते उतरते. परंतु मालकी घरची आणि हुकमत बाहेरची, ही अवस्था १९६५ मध्ये कल्पनेतही नव्हती. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी आता ही दुसरी कसोटीही लावली पाहिजे. वस्तू कोठे बनली एवढे विचारून भागणार नाही. ती कोणाच्या परवानगीने चालते, हेही विचारावे लागेल.

हा आग्रह केवळ पैशाचा नाही. या कर्णभूषणांचा सर्वांत आवडता आकार म्हणजे पाण्याच्या थेंबासारखी पाकळी. तिचे टोक किंचित वळवले की ती आपली कोयरी होते. पैठणीच्या पदरावर, चैत्रातल्या रांगोळीत, हळदीकुंकवाच्या करंड्यात असलेली कोयरी. जग तिला 'पेझली' म्हणते. का? तर काश्मिरी शालींच्या नकला एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील पेझली या गावी मागांवर विणल्या गेल्या, म्हणून. आकार आपला, श्रम आपल्या विणकरांच्या पिढ्यांचे, आणि नाव नक्कल करणाऱ्या गावाचे! आज एखादी मराठी गृहिणी रांगोळीच्या वहीतील कोयरी संगणकावर उतरवून रेक्झिनमध्ये कापू लागली, तर तिचा आकार प्रथम परदेशी कंपनीच्या संगणकात जातो. तो तेथून चोरीला जाईल असे म्हणण्याचा हेतू नाही. पण महिन्याला किती आकार चढवायचे हे ठरवण्याची सत्ता ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या दयेवर आपल्या कोयरीचे चलनवलन का असावे?

घरगुती श्रमाची वेगळी रचना करता येते, हे याच मुंबईने दाखवून दिले आहे. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली, तो आजचा 'लिज्जत'. केंद्रातून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड परत द्यायचे. पण लाटणारी भगिनी तेथे नोकर नाही, ग्राहकही नाही. ती सहमालक आहे. पोळपाट-लाटण्याला कोणाची परवानगी लागत नाही, हे त्या यशाचे फारसे न बोलले जाणारे कारण आहे.

पण पोळपाट आणि संगणकीय यंत्र यांची तुलना कशी व्हावी, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या तालुक्याच्या गावातील एसटी स्थानकासमोरच्या 'रेडियम'च्या दुकानात जाऊन यावे. मोटारसायकलच्या क्रमांकपट्ट्या, रिक्षावरचे 'आई-वडिलांचा आशीर्वाद', ट्रॅक्टरवरचे शिवराय जेथे कापले जातात तेच दुकान. (त्या चमकत्या कागदाचा रेडियम धातूशी काडीचाही संबंध नाही.) तेथील यंत्र आणि क्रिकट यांची जात एकच: पाते सरकवणाऱ्या मोटारी आणि त्यांना दिशा दाखवणारा संगणक. त्यातील बहुतेक यंत्रे चिनी असतात, ही दुखरी बाजू आहेच. पण दहावी-बारावी झालेला तो मुलगा आकार स्वतः काढतो, स्वतःच्या संगणकावरून यंत्राला पाठवतो आणि महिनाअखेरीस कोणाला वर्गणी देत नाही. इंटरनेट गेले तरी त्याचे काम थांबत नाही. आकार काढण्यासाठी 'इंकस्केप'सारखी मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. जाड रेक्झिनला अधिक दाब लागतो, पाते खोल जावे लागते, हे खरे; पण तो अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, आपल्या तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार, शिंपी, सोनार यांच्यासह १८ परंपरागत व्यवसायांतील कारागिरांना अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. आज ना उद्या अशा संचांत आणि बचत गटांच्या प्रशिक्षणांत संगणकावर चालणारी अवजारे येणारच, आणि ती यावीतही. त्या वेळी खरेदीच्या अटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: यंत्र इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काढलेला आकार त्याने स्वीकारला पाहिजे, आणि विक्रीनंतर वापरासाठी कोणतीही वर्गणी आकारली जाता कामा नये. महिला मेळाव्यांत आणि प्रदर्शनांत या यंत्रांची प्रात्यक्षिके भरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्या भगिनींनीही विक्रेत्याला किमतीच्या आधी हेच तीन प्रश्न विचारावेत. या अटी पाळणारे यंत्र मिळणार नाही, असे विक्रेता सांगेल. त्याला एसटी स्थानकासमोरच्या दुकानाचा पत्ता द्यावा.