2 ऑक्टोबरपर्यंत नाव जाहीर करा

लोणार नगर परिषदेचे मुख्याधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि बुलडाण्याचे जिल्हा शल्यचिकित्सक, हा इशारा तुम्हा तिघांना आहे. देशभर इच्छामरणाची सरकारी सेवा सुरू करा म्हणणाऱ्यांनीही तो वाचावा.

27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला. 18 मे 2015 ला मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच खाटेला खिळून होत्या. त्यांच्याच प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवायला पहिल्यांदा वाट करून दिली. 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरणं हा मूलभूत हक्क ठरला आणि शेवटच्या आजारात कृत्रिम उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायची मुभा मिळाली. पद्धत इतकी किचकट होती की 24 जानेवारी 2023 ला न्यायालयालाच ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या कस्टोडियनकडे ठेवायची. हे कस्टोडियन नेमा म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे राज्याने या नेमणुका मनावर घेतल्या.

मग लोणारचा कस्टोडियन कोण? बीबी, सुलतानपूर, हिरडवच्या म्हाताऱ्या माणसाने आपला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा? नेमणूक झाली असेल तर नाव फलकावर लावा. झाली नसेल तर आधी ती करा.

कागद नसला की काय होतं ते या तालुक्याला ठाऊक आहे. जालन्याच्या नाहीतर संभाजीनगरच्या आयसीयूत पैसे संपतात. डॉक्टर सांगतात, आता काही होण्यासारखं नाही, पण नळी आम्ही काढणार नाही. मुलगा ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ या कागदावर सही करतो. तोंडातली नळी तशीच ठेवून ॲम्ब्युलन्स निघते आणि सिंदखेडराजा मागे टाकून घर येईपर्यंत कुणीतरी श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत बसतं. एकाचा हात भरून आला की दुसरा धरतो. घरी पोचल्यावर ती दाबणं थांबवायचं कुणी? पोटच्या पोराने. उपचार थांबवायचा जो निर्णय रुग्णालयाने नेमलेल्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो 48-48 तासांत द्यायचा, तो त्याच्या हातावर सोडून सगळी यंत्रणा मोकळी होते. हे आम्ही यापुढे चालू देणार नाही.

आणि इच्छामरण सेवा मागणाऱ्यांनो, नेदरलँड्समध्ये 2002 पासून तसा कायदा आहे, हे आम्हालाही माहीत आहे. पण हा शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा आहे. पीकविमा मिळेना, कर्ज फिटेना म्हणून इथली माणसं इच्छामरणाची परवानगी मागणारे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना देतात. उद्या अशी सेवा इथे उघडली, तर पहिली रांग मरणाला टेकलेल्यांची नसेल, कर्जदारांची असेल. आधी वेदनेचं बघा. वेदनाशामक मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कॅन्सरच्या कळांनी रात्रभर ओरडणाऱ्या बाईला ते औषध तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागेपर्यंत मरणाच्या सेवेचं नावही काढू नका.

भाऊबंदांनाही बजावतो. हा कागद सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाने स्वखुशीने करायचा असतो. सातबाऱ्यावर डोळा ठेवून कुणी म्हाताऱ्याचा अंगठा उमटवला, तर आम्ही स्वतः पोलीस ठाण्यात फिर्याद देऊ. सुई टोचून मारणं आजही गुन्हाच आहे.

मुदत 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर नगर परिषद, पंचायत समिती आणि प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर कस्टोडियनचं नाव, हुद्दा आणि बसायची वेळ लागली पाहिजे. नोंदवही उघडली पाहिजे. दुसऱ्या वैद्यकीय मंडळावर जिल्ह्यातून कोण डॉक्टर येणार, हे लेखी जाहीर झालं पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन कधीपासून मिळेल, त्याची तारीख हवी. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर आम्ही घेणार नाही.

3 ऑक्टोबरला आम्ही साक्षीदार-नोटरीसह आपापले कागद घेऊन तुमच्या आवक विभागात येऊ. शिक्क्याची पोच दिलीत तर ठीक. नाकारलीत तर तो नकार लेखी घेऊ, आणि नागपूर खंडपीठातल्या याचिकेत प्रतिवादी म्हणून तुमची तिघांची पदं असतील.