पडदे काढले म्हणजे सूर मोकळा होत नाही

बेस गिटारच्या दांडीवरील पडदे काढून टाकले की वादक मुक्त होतो, अशी एक समजूत संगीतावर लिहिणाऱ्यांत रूढ आहे. साहित्याच्या मंडळींना ती चटकन पटते, कारण मुक्तछंदाविषयीही आपल्या वर्गांतून अनेकदा हेच सांगितले जाते. वास्तविक कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला तेव्हा वृत्ताचे बंधन गेले, लयीचे नव्हे. बिनपडद्याच्या बेसचेही तसेच आहे. पडद्यांबरोबर मोजमाप नाहीसे होत नाही. ते लाकडावरून वादकाच्या कानावर येते. ही जबाबदारी टाळण्याच्या ज्या वाटा प्रचारात आहेत, त्यांना आमचा विरोध आहे.

प्रथम ती जबाबदारी केवढी हे पाहू. सर्वसाधारण बेसच्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. खुंट्यांकडच्या टोकाला पहिला अर्धस्वर सुमारे ४८ मिलिमीटरवर येतो. एक सप्तक वर गेल्यावर तेच अंतर २४ वर येते. अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात. बोट एक मिलिमीटर चुकले तर खाली दोन सेंटांचा फरक पडतो, सप्तकापाशी चार सेंटांचा. पडदा असताना बोट त्याच्या थोडे मागे कोठेही टेकले तरी चालते. पडदा नसताना ते नेमके पडद्याच्या जागीच पडावे लागते.

म्हणून काही जण दांडीवर रेघा आखतात, आणि शुद्धतावादी त्यांना हिणवतात. हा अहंकार निराधार आहे. ज्याच्यामुळे हे वाद्य जगाच्या कानी पडले, त्या जॅको पॅस्टोरियसच्या फेंडर जॅझ बेसवर पडद्यांच्या बुजवलेल्या खाचा रेघांसारख्या स्पष्ट दिसत. पण त्याच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमच्या आरंभी ‘डोना ली’ ऐकावे: साथीला केवळ कोंगा. पियानो नाही, गिटार नाही. तेथे प्रत्येक स्वराला आधीच्या स्वरांशीच नाते जुळवावे लागते, आणि ते काम कोणतीही रेघ करत नाही. रेघ बोटाला परिसर दाखवते. स्वर सापडला की नाही हे कानच सांगतो.

याहून घातक सवय ट्यूनरची. तार जुळवायला तो उपयुक्त आहे, यात वाद नाही. मात्र त्याच्याकडे पाहत सराव करणारा विद्यार्थी डोळ्यांनी वाजवायला शिकतो. शिवाय ट्यूनरचा न्याय एकाच प्रकारचा असतो. समविभागी सप्तकात गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. पाचास चार या गुणोत्तरातला गांधार ३८६ सेंटांवर. पियानोच्या साथीत पहिला जुळतो, अखंड षड्जावर दुसरा. कोठे कोणता घ्यावा, हे सुई कसे सांगणार?

उपाय जुनाच आहे. आधाराला एक स्वर अखंड चालू ठेवावा, पुढचा स्वर आधी गळ्याने म्हणावा, मग संथपणे वाजवावा. ‘ए’ तारेवर पाचव्या पडद्याच्या जागी ‘डी’ वाजवून शेजारची मोकळी ‘डी’ तार छेडावी. स्वर थोडे वेगळे असतील तर आवाज हेलकावे घेतो: ११० आणि १११ हर्ट्झचे स्वर एकत्र आले तर सेकंदाला एक. हेलकावे मंदावत थांबले की बोट जागेवर आले. सारंगी, सरोद यांनाही पडदे नाहीत. त्यांच्या शागिर्दांच्या कानात सूर आधी बसवला जातो, आणि त्यांना कोणी ‘मुक्त’ म्हणून मिरवत नाही.

राहिला स्वर हलवण्याचा प्रश्न. बोट डोलवले की बेसूरपणा झाकतो, म्हणून नवशिके प्रत्येक स्वर थरथरवतात. स्वर आधी स्थिर उभा राहावा, मग डोलावा. ‘बेस खालचा, गर्दीत कोणाला कळतो’ हा बचावही लंगडा आहे: वरचे सारे स्वर ज्याच्यावर उभे, तोच सरकला तर बेसुरे तेच ठरतात.

स्वातंत्र्य शिकवायचेच असेल तर शिक्षकाने विद्यार्थ्याला ट्यूनर बंद करायला सांगावे, आणि तो बेसूर वाजवेल तेवढा काळ धीराने ऐकून घ्यावे. वृत्ताची मात्रागणना पाठ करून घेणाऱ्या आम्हां मराठीच्या शिक्षकांनाही हे लागू आहे.