जुन्या फियाटला महागडं पेट्रोल नको, निगा हवी

पेट्रोलच्या भावाची बातमी आली की परभणीचं नाव हमखास येतं. 2021 मध्ये साध्या पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हाही राज्यात आपला जिल्हा पुढेच होता. आपलं इंधन मनमाडच्या डेपोतून टँकरनं येतं, आणि तीनशेच्या आसपास किलोमीटरचं ते भाडं शेवटी आपल्याच खिशातून जातं. अशा जिल्ह्यात जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अजून चालती ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: गाडीवर जीव आहे म्हणून तिला पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल पाजू नका. तेच पैसे तिच्या देखभालीला लावा.

महागड्या पेट्रोलच्या नावापुढचे 95, 97, 99, 100 हे आकडे ताकदीचे नाहीत. सिलिंडरमध्ये दाबलं गेलेलं पेट्रोल ठिणगी पडल्यावर शिस्तीत जळायला हवं. ते आपापलं भडकलं की चढावर इंजिन खडखडतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. हे अवेळी भडकणं किती टळतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. इंजिन जितकं जास्त दाबतं, तितकं जास्त ऑक्टेन त्याला लागतं. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, आठच्या आसपास आहे. आजच्या साध्या मोटारींचा दहाच्या घरात किंवा पुढे असतो. त्या साध्या पेट्रोलवर सुखानं धावतात, मग पद्मिनीला अडायचं कारण नाही.

हे 1089 सीसीचं घराणं मोठं आहे. याच घराण्यातल्या फियाटच्या इंजिनावर इटलीत 1947 च्या सुमारास सिसितालिया 202 ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. तिची बांधणी इतकी देखणी, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ती आपल्या संग्रहात घेतली. पुढे इटलीतल्याच स्टँग्वेलिनी यांनी फियाट 1100 चं इंजिन घेऊन फॉर्म्युला ज्युनियर शर्यतीच्या गाड्या बनवल्या. पण त्यांनी कॉम्प्रेशन वाढवलं, दोन वेबर कार्ब्युरेटर चढवले. तशा इंजिनाला चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल हवंच. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात हेच इंजिन बनवलं ते कुटुंबासाठी आणि टॅक्सीसाठी, शांत स्वभावाचं. पैलवानाचा खुराक घरातल्या आजोबांना घालून ते कुस्ती मारत नाहीत.

तरीही गाडी खडखडत असेल तर आधी ठिणगीचं टायमिंग तपासा. मग हेड उघडून कार्बन काढा. साचलेला कार्बन दाब वाढवतो आणि तापून पेट्रोल पेटवतोही. एवढं करूनही आवाज गेला नाही, तरच 95 कडे वळा.

आता खरा प्रश्न इथेनॉलचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच शेतातल्या उसामक्याचं, तेव्हा त्याच्याशी भांडण नाही. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानंही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. पंधराचं ॲव्हरेज चौदावर आलं, तर लगेच पंपवाल्यावर किंवा मेकॅनिकवर संशय नको. आणि महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असंही धरून चालू नका, विचारून घ्या.

ॲव्हरेजपेक्षा रबराची काळजी अधिक करा. पेट्रोलचे जुने पाइप आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलं तर गाडी पेटू शकते. म्हणून इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पडदा आजच बसवा, आणि गाडीत आग विझवायचं सिलिंडर ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीच्या तळाशी पाणी साचून पत्रा गंजतो. पावसाळा संपला की टाकी एकदा तळातून रिकामी करून पाहा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे ठेवा.

नव्या गाडीत सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवून घेतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून प्लग काढून पाहा. टोक विटकरी-बदामी असेल तर ठीक. पांढरं पडलं तर मिश्रण पातळ आहे, मेन जेट एका नंबरानं मोठा घाला. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल वाया जातंय. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणाऱ्याच्या हाती मात्र गाडी देऊ नका.

मे महिन्यातल्या उन्हात गंगाखेड किंवा जिंतूर रस्त्यावर गाडी बंद पडली, तर बहुधा इंजिनाच्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. स्टार्टर मारत बसू नका. सावलीत थांबा, बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा आणि निवल्यावर निघा.

आपल्या जिल्ह्यात धूळ भरपूर, म्हणून एअर फिल्टर लवकर साफ करा. चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा; ब्रेक धरून असतील तर पेट्रोल तिथंच जळतंय. टायरमधली हवा दर पंधरवड्याला पाहा.

पेट्रोल भरताना पंपावरचे तुमचे हक्कही वापरा. शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून मागा. फिल्टर पेपर मागा: त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की तो उडून जायला हवा, डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या. ॲव्हरेज काढायचं ते टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचं. दोन-तीन टाक्या साध्या पेट्रोलवर, तेवढ्याच महागड्यावर चालवा आणि किलोमीटरमागे रुपये किती पडले ते वहीत लिहा. वहीचं ऐका, जाहिरातीचं नको.

शेवटचं मागणं सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, परभणी, सगळीकडच्या मालकांकडे. सुट्या भागांची मागणी एकट्यानं करू नका, चार-पाच जणांनी मिळून करा; खर्च कमी पडेल. आणि कार्ब्युरेटर कानानं लावणारा जुना मिस्त्री तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याच्या गॅरेजमध्ये एका तरुण पोराला शिकायला बसवा. त्या पोराला सहा महिने थोडा पगार सगळ्यांनी मिळून द्या. महागड्या पेट्रोलचे वाचलेले पैसे तिथं घातले तर गाडीही चालेल आणि कसबही टिकेल.