पोस्टरवर माणूस आपला हवा आणि रंगही त्याचाच

'चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, विचार बघा,' असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. सिनेमाच्या पोस्टरवर कोण आहे, त्याचा रंग कोणता, असं विचारलं की प्रस्थापितांना हसू येतं. त्यांना उत्तर १९१९ सालीच मिळालेलं आहे. साउथबरो समितीपुढच्या साक्षीत बाबासाहेबांनी मांडलं होतं की नुसत्या मतांना प्रतिनिधित्व देऊन भागत नाही, त्या समाजातला माणूस प्रत्यक्ष सभागृहात बसला पाहिजे. जे कायदेमंडळाला लागू, तेच पडद्यालाही लागू.

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. दिग्दर्शक आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरचा, नायिका अकलूजची. उन्हात रापलेला चेहरा महाराष्ट्रभर पोस्टरवर झळकला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला. गोष्ट करमाळ्याहून उदयपूरला नेली, चेहरे सिनेमावाल्यांच्या घरातले घेतले आणि जात तोंडी लावण्यापुरती ठेवली. आपल्या गोष्टीचं हे 'एडिटिंग'च होतं.

हा खेळ जगभर चालतो. 'स्टार वॉर्स'च्या २०१५ च्या चिनी पोस्टरवर जॉन बोयेगा या कृष्णवर्णीय नायकाला लहान करून टाकलं होतं. पण उलट्या दिशेनेही कात्री चालते. २०१६ च्या मे महिन्यात, इकडे 'सैराट' गाजत असताना, अमेरिकेत विल्यम यू या तरुणाने हॉलिवूडच्या गाजलेल्या पोस्टरांवर जॉन चो या आशियाई वंशाच्या नटाचा चेहरा बसवला. त्याचा प्रश्न एवढाच होता: हा माणूस इथे का चालत नाही? त्यासाठी त्याला स्टुडिओ लागला नाही, संगणक पुरला.

इथे कुणी म्हणेल, तो वंशाचा प्रश्न, आपला जातीचा. बरोबर आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्येच दाखवून दिलं. रंगावरून जात ओळखता येत नाही. पण सिनेमा तशी ओळख तयार करतो. 'सुपर ३०' मध्ये गरीब घरातला शिक्षक दाखवायला हृतिक रोशनला सावळा रंग फासला गेला. म्हणजे काळा रंग चालतो, काळा माणूस चालत नाही.

आता आपल्या चौकात या. १४ एप्रिलच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा चेहरा किती गोरा केलेला असतो, ते नीट बघा. त्यांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. म्हणजे त्यात रंग भरणारा हात आपल्याच पोरांचा. ॲप उघडलं, फिल्टर लावला, कातडी गुळगुळीत झाली. कधी साऊथच्या हिरोच्या धडावर बाबासाहेबांचं डोकं बसतं. पोरांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ज्या माणसाची ताकद अभ्यासात होती त्याला पिळदार दंड कशाला? आणि गोरं केल्याशिवाय तो मोठा दिसत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं? ज्यांनी 'सैराट'चा 'धडक' केला, त्यांचीच नजर आपल्या माऊसमध्ये शिरली आहे.

एडिटिंग बंद करा, असं मी म्हणत नाही. उलट जास्त करा. हिरोच्या जागी आपल्या वस्तीतली पोरगी बसवा. विडी वळणाऱ्या आईला, यंत्रमागावरच्या बापाला पोस्टरच्या मधोमध आणा. फक्त त्यांचा रंग त्यांचाच राहू द्या. मंडळांनी यंदा एक नियम करावा: फ्लेक्सचं प्रूफ आलं की आधी चेहरा तपासायचा. गोरा केलेला असेल तर बोर्ड छापायला द्यायचा नाही.

जय भीम!