मायलेज म्हणजे मिळकत नव्हे

दरवर्षी फेब्रुवारीचा पगार जमा झाला की जयपूरच्या रनिंग रूममध्ये एकच विषय असतो. जेवणाच्या टेबलावर पे-स्लिपा पसरलेल्या असतात, आणि आयकराच्या रकान्यातला आकडा दाखवून प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारतो, "माझे एवढे कसे कापले?" यंदा एका जुन्या लोको पायलटने विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. तो म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, गाडी घेऊन बाहेरगावी गेलो, तिथे खाल्ले-प्यायलो, त्यासाठी रेल्वेने पैसे दिले. ते पैसे खर्च झाले. मग त्यावर कर कशाचा?"

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. कायद्याची पुस्तके आम्हाला कोणी शिकवली नाहीत. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायचे म्हणून गेले काही महिने आम्ही ती चाळली, आणि जे हाती लागले ते रेल्वे व पोस्टातल्या सर्व मराठी बांधवांपुढे ठेवणे आम्हास आवश्यक वाटते. जयपुरात मराठी बांधव कुठून आले, असे कोणी विचारील. आम्ही मुंबईहून बदलीवर आलो तेव्हा जयपूर विभाग पश्चिम रेल्वेत होता आणि आमचे मुख्यालय चर्चगेटला होते. १ ऑक्टोबर २००२ रोजी उत्तर पश्चिम रेल्वे झाली, मुख्यालयच जयपूरला आले, आणि आमच्यासारखे कित्येक जण होते तिथेच राहिले.

तर मूळ मुद्दा. व्यापारी मनुष्य दुकानाचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार, इतकेच काय टेम्पोचे डिझेलसुद्धा वजा करतो आणि उरलेल्या नफ्यावर कर भरतो. नोकरदाराच्या बाबतीत मात्र आलेला पैसा म्हणजे सगळेच उत्पन्न, असा कायद्याचा रोख आहे. हे पहिल्यापासून असे नव्हते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६ मध्ये आरंभी नोकरदाराला आपले खर्च मांडता येत. पुस्तके-नियतकालिके, स्वतःचे वाहन यांच्या तरतुदी होत्या. शिवाय नोकरीच्या अटींप्रमाणे कामासाठी पूर्णतः, केवळ आणि अपरिहार्यपणे जो खर्च पगारातून करावा लागतो तोही वजा होई. ही शब्दरचना इंग्रजांच्या कायद्यातून आलेली. शब्द कडक होते, पण दार उघडे होते.

१९७४ च्या वित्त कायद्याने हे वेगवेगळे खर्च गुंडाळून एकच ठोक वजावट आणली, तीच स्टँडर्ड डिडक्शन. पावत्या सांभाळण्याची कटकट गेली, म्हणून तेव्हा बहुतेकांना ती सोयीची वाटली, आणि ती होतीही. परंतु ठोक रक्कम एकदा सरकारच्या हाती गेली की ती वाढवणे, घटवणे किंवा बंद करणे ही अर्थमंत्र्याच्या मर्जीची गोष्ट होते. तसेच झाले. २००५ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १ लाख केली आणि त्याबरोबर स्टँडर्ड डिडक्शन काढून टाकली. मर्यादा वाढली ती सर्वांचीच, व्यापाऱ्याचीही. नोकरीच्या खर्चाची वजावट गेली ती फक्त आमची.

पुढे १३ वर्षे नोकरदाराच्या खर्चाला ठोक वजावट नव्हती. २०१८ साली जेटली यांनी ती ४०,००० रुपयांची करून परत आणली तेव्हा टाळ्या वाजल्या. पण त्याच हाताने १९,२०० रुपयांपर्यंतच्या वाहतूक भत्त्याची आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाच्या भरपाईची सूट काढून घेतली. दोन्हींची बेरीज ३४,२००. म्हणजे दोन्ही सवलती पूर्ण घेणाऱ्याच्या पदरात खरे पडले ते ५,८०० रुपये. त्यानंतर ही वजावट २०१९ साली ५०,००० आणि २०२४ साली नव्या करप्रणालीत ७५,००० झाली, हे मान्य केले पाहिजे. जयपूर हे जास्त दराच्या वाहतूक भत्त्याच्या शहरांत मोडते, त्यामुळे लेव्हल ३ ते ८ च्या कर्मचाऱ्याला येथे महिना ३,६०० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता मिळतो. हा भत्ता घरून कामावर येण्याजाण्यासाठी आहे, आणि २०१८ पासून त्यातला प्रत्येक रुपया करपात्र आहे. अपंग कर्मचाऱ्याला मात्र महिना ३,२०० रुपयांपर्यंत सूट राहिली.

आता मायलेजकडे येऊ, कारण सर्वांत मोठी जखम तिथे आहे.

लोको पायलट, सहायक लोको पायलट आणि गार्ड (२०२२ पासून ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांना दौऱ्याचा दैनिक भत्ता नाही. त्याऐवजी किलोमीटरवर रनिंग अलाउन्स मिळतो. १९८० च्या रनिंग अलाउन्स कमिटीपासून हे धरून चाललेले आहे की या मायलेजमध्ये दोन अंश आहेत. एक अंश पगाराचा, तो मूळ वेतनाच्या ३० टक्के मानतात. दुसरा अंश प्रवासभत्त्याच्या जागी दिलेला, म्हणजे घराबाहेर काढलेल्या वेळेच्या खर्चाचा. रेल्वे प्रशासन निवृत्तिवेतन ठरवताना, पगारनिश्चिती करताना हे दोन अंश काळजीपूर्वक वेगळे काढते. आयकर कापताना मात्र दोन्ही एकाच पोत्यात जातात.

१९६१ च्या कायद्याखालच्या नियम २ बीबीमध्ये भत्त्यांचे दोन गट आहेत. दौऱ्याचा व बदलीचा प्रवासखर्च, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता, आणि काम करताना फिरण्यासाठी मिळणारा वाहनभत्ता हे प्रत्यक्ष खर्च झाले तितके करमुक्त, आणि ही सूट नव्या करप्रणालीतही टिकली. परंतु वाहतूक सेवेत चालत्या गाडीवर काम करणाऱ्याचा भत्ता दुसऱ्या गटात टाकलेला आहे. त्याला ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये यांपैकी जे कमी तेवढीच सूट, आणि तीही फक्त जुनी प्रणाली निवडली तर. नव्या प्रणालीत शून्य. २०२५-२६ च्या हिशेबाला हाच नियम लागू आहे.

याचा अर्थ काय होतो ते एका गाडीवर पाहू. मुंबई सेंट्रलहून निघालेली सुपरफास्ट रतलाम, कोटा, सवाई माधोपूर करत जयपूरला येते. गाडीत टीसी आहे, इंजिनात लोको पायलट आहे, शेवटच्या डब्यात गार्ड आहे. तिघेही घराबाहेर, तिघेही बाहेरचे अन्न खाणारे. टीसीला त्याबद्दल प्रवासभत्ता मिळतो आणि कायदा त्याला दौऱ्याचा खर्च समजतो. बरोबरच आहे, टीसी बांधवांच्या ताटातले काढा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्याच गाडीचे इंजिन चालवणाऱ्याचा तोच खर्च उत्पन्न कसा ठरतो?

आकड्यांत सांगतो. एका लोको पायलटचे वर्षाचे एकूण वेतन मायलेज धरून १३,५०,००० रुपये आहे आणि त्यात मायलेज महिना २०,००० आहे असे धरा. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता उरतात १२,७५,०००. त्यावर उपकरासह कर होतो ७४,१०० रुपये. आता याच मायलेजपैकी महिना १०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,२०,००० जर खर्च म्हणून सुटले असते, तर उत्पन्न ११,५५,००० वर आले असते आणि १२ लाखांच्या आतल्या सवलतीमुळे कर शून्य झाला असता. शून्य आणि ७४,१००! हा फरक पगारवाढीचा नाही, खर्चाला मिळकत म्हटल्याचा आहे.

मग जुनी प्रणाली घ्यावी काय? अनेक जण विचारतात, आणि आवेशात चुकीचा सल्ला देणे हे संघटनेचे काम नव्हे. वरच्याच माणसाने जुनी प्रणाली घेतली, मायलेजची १,२०,००० ची सूट, ५०,००० ची ठोक वजावट आणि कलम ८० सी चे पूर्ण १,५०,००० वजा केले, तरी कर होतो १,२६,३६० रुपये. घरकर्जाचे व्याज, घरभाड्याची सूट वगैरे भरपूर असेल तर गणित पालटू शकते, म्हणून प्रत्येकाने आपापला हिशेब करावा. पण बहुतेकांना नवीच स्वस्त पडेल. नवी प्रणाली न सांगता लागू होते. जुनी हवी असल्यास कार्यालयाला तसे कळवावे लागते, आणि कळवायचे राहिले तरी मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडता येते.

"मग भांडण कशासाठी? पावणेतेरा लाखांपर्यंत तर करच नाही," असे आमच्यातलेच काही म्हणतात. खरे आहे, आज ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन यांतले बहुसंख्य कराच्या बाहेर आहेत. पण न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याची कार्यकक्षा मंजूर केली. वेतन वाढेल तसे आज बाहेर असलेले उद्या आत येतील. २००५ चा अनुभव आमच्या पिढीने घेतलेला आहे. मर्यादा आज आहे, उद्या महागाईने ती खाल्ली की हातात काही राहत नाही.

पोस्टातल्या बांधवांचेही असेच आहे. सातव्या आयोगानंतर जुलै २०१७ पासून कपडे, बूट, धुलाई हे सगळे एका ड्रेस अलाउन्समध्ये बसवले आणि पोस्टमन, ट्रॅकमन, रनिंग स्टाफ यांना वर्षाला ५,००० रुपये ठरले. महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर त्यात चौथा हिस्सा वाढ झाली. या पैशातून खाकी घ्यायची, बूट घ्यायचे, जयपूरच्या जानेवारीसाठी स्वेटर घ्यायचा आणि जूनच्या उन्हात रोजचा घामेजला शर्ट धुवायचा. गणवेशावर खरोखर खर्च झाला तितका भत्ता जुन्या प्रणालीत करमुक्त आहे, नव्यात नाही. गणवेश घालून कोणी लग्नाला जात नाही, तरी नव्या हिशेबात तो आमचा वैयक्तिक लाभ! पोस्टमन व ट्रॅकमनचा सायकल भत्ता आयोग बंद करायला निघाला होता. सरकारने तो ठेवला आणि महिना ९० चे १८० रुपये केले. सांगानेर, मानसरोवर, झोटवाडा असे पसरलेले हे शहर किती पोस्टमन सायकलने पुरे करतात, ते एम. आय. रोडवरच्या जीपीओच्या आवारात उभ्या मोटरसायकली मोजून कोणीही पाहावे. त्यांचे पेट्रोल कोणत्याही प्रणालीत कुठेच मांडता येत नाही.

न्यायालयात गेले तर? १९९० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या विकास अधिकाऱ्यांनी असे करून पाहिले. त्यांचा इन्सेंटिव्ह बोनस मिळवताना फिरण्याचा खर्च होतो, तो वजा करा, अशी मागणी होती. येथील राजस्थान उच्च न्यायालयासह बऱ्याच न्यायालयांनी सांगितले की पगारातून कलम १६ मध्ये लिहिलेलेच वजा होईल, दुसरे नाही. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र अधिकाऱ्यांची बाजू घेतली. आमचे मत असे की कायद्यात दारच नसेल तर वकिलाने ठोठावायचे कुठे? दार बांधायचे काम संसदेचे आहे आणि तिला ते करायला लावण्याचे काम संघटनांचे.

दुसरीकडे पाहावे तर ब्रिटनमध्ये आजही कामगाराला गणवेशाची धुलाई, हत्यारे यांसाठी धंद्यानुसार ठरलेली वजावट मागता येते आणि त्या यादीत रेल्वे कामगार आहेत. ऑस्ट्रेलियात तर युनियनची वर्गणीसुद्धा वजा होते. आमच्या वर्गणीबद्दल कोणी असे म्हटले तर वसुलीचे निम्मे काम हलके होईल!

एक सावधगिरी सांगणे भाग आहे. कायदेशीर वाट अरुंद झाली की चोरवाट दाखवणारे येतात. येथेही एक गृहस्थ कॉलनीत फिरत असे. रिफंडचा ठराविक हिस्सा द्या, बाकी मी पाहतो, असे त्याचे बोलणे. कधी न दिलेल्या देणग्या, कधी न भरलेले घरभाडे दाखवून त्याने आमच्या काही सभासदांना रिफंड मिळवून दिले. नोटिसा आल्या तेव्हा त्याचा फोन बंद होता आणि व्याज व दंडासह पैसे भरले ते सभासदांनी. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभर १५० ठिकाणी पडताळणी केली. सही आपली असते, जबाबदारीही आपलीच.

आमची मागणी सरळ आहे. सगळे मायलेज करमुक्त करा असे आम्ही म्हणत नाही. ३० टक्क्यांचा पगाराचा अंश हा पगार आहे, त्यावर कर लागो. उरलेला खर्चाचा अंश दौऱ्याच्या भत्त्याच्या रांगेत बसवा, कोणतीही प्रणाली निवडली तरी. गणवेश भत्त्याचेही तसेच करा. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून ही मागणी जुनी होत नाही.

वेतन आयोगापुढे ठेवण्यासाठी आम्ही जयपूर शाखेत कागद जमवत आहोत. गेल्या १२ महिन्यांच्या पे-स्लिपा, फॉर्म १६ आणि शक्य असेल तर बाहेरगावच्या मुक्कामात झालेल्या खर्चाची साधी टिपणे शाखेच्या कार्यालयात आणून द्यावीत. एका गार्डसाहेबांनी तीन वर्षांच्या चहा-नाश्त्याचा हिशेब एका जुन्या डायरीत ठेवलेला निघाला. इतके कोणाकडूनच अपेक्षित नाही, एका महिन्याचे असले तरी चालेल. नाव झाकायचे असेल तर झाका, आकडे तेवढे दिसू द्या.