फोटो नाही म्हणजे बिबट्या नाही?

उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे की नाही, हा जुन्नर-अकोले पट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांसाठी जिवाचा प्रश्न आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की पाणी द्यायला फडात जावेच लागते. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या शेतीपट्ट्यातही बिबटे राहतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

असा तयार कॅमेरा महाग पडतो. म्हणून हल्ली हौशी तरुण तो घरीच जोडतात. उबदार शरीराची हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर, छोटा कॅमेरा बोर्ड, अंधारासाठी अवरक्त दिवे आणि मेमरी कार्ड एवढे साहित्य पुरते. हा उद्योग स्वागतार्हच आहे. मात्र त्यातली सर्वात दुर्लक्षित वस्तू म्हणजे बॅटरी, आणि धोका तिथेच आहे.

अनेकदा सेन्सरला एक आणि कॅमेऱ्याला दुसरी बॅटरी दिली जाते. कॅमेऱ्याची बॅटरी आधी संपते. सेन्सर इशारा देत राहतो, पण फोटो निघत नाही. पंधरा दिवसांनी कार्ड रिकामे निघते आणि घरचे म्हणतात, ‘बिबट्या नाही.’ बंद पडलेला कॅमेरा आणि बिबट्या नसलेले शेत, दोन्हींचे कार्ड सारखेच रिकामे दिसते.

कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेली चाचणीपट्टी आठवावी. तिच्यावर ‘सी’ ही रेषा उमटली नाही, तर निकाल निगेटिव्ह नव्हे, बाद धरला जातो. कारण चाचणी झालेलीच नसते. घरगुती कॅमेऱ्यालाही अशी ‘सी’ रेषा हवी. रोज दुपारी बारा वाजता त्याने आपोआप एक फोटो काढावा आणि त्यासोबत बॅटरीचे व्होल्टेज नोंदवावे. ज्या दिवशी हा फोटो नाही, त्या दिवसाचा निकाल बाद.

सेन्सर, बोर्ड आणि दिवे एकाच बॅटरीवर चालवले की ही नोंद साऱ्या यंत्राची होते. पण एकच बॅटरी पुरेल का? हिशेब सोपा आहे. ‘१८६५०’ प्रकारच्या चांगल्या लिथियम सेलची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास धरू. एका फोटोला साधारण ०.४ मिलिअँपिअर-तास लागले आणि दिवसाला ५० फोटो निघाले, तर खर्च २० होतो. बोर्ड झोपेतही ६ मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाचे १४४ नुसत्या झोपेत जातात. सेल अठरा-एकोणीस दिवसांत संपतो. आणखी एक सेल जोडला तर मुदत फक्त दुप्पट होते. त्याऐवजी एका मॉसफेटच्या आधारे, फोटोची वेळ सोडून बोर्डचा पुरवठा पूर्ण तोडला आणि सेन्सर व त्याच्या मंडलाला मिळून ०.१ मिलिअँपिअर लागले, तर हाच सेल कागदावर चार महिने चालतो. जुना सेल किंवा थंडी यांमुळे प्रत्यक्षात मुदत कमी भरेल, पण फरक मोठाच राहील. दिवे लागताना व्होल्टेज क्षणभर कोसळून बोर्ड पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून त्याच्याजवळ मोठा कपॅसिटर बसवावा.

हृदयाच्या पेसमेकरचा इतिहास हेच सांगतो. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. आज एक छोटी लिथियम बॅटरी अनेक वर्षे पुरते. बॅटरी सुधारली हे खरे, पण मंडलही काटकसरी झाले. शिवाय बॅटरी उतरत आल्याचे नियमित तपासणीत आधीच कळते.

सेल वाढवण्यात आणखी एक धोका आहे. जुन्या लॅपटॉपमधले कमी-अधिक भरलेले सेल समांतर जोडले, तर भरलेला सेल रिकाम्यात जोराने प्रवाह ढकलतो आणि दोन्ही तापतात. लिथियम सेलने वाळलेल्या पाचटात पेट घेतला तर फड जाईल, आणि विझवायला धावणारा भाजेल. संरक्षक मंडल असलेला, खात्रीचा, नवा एकच सेल वापरावा. फुगलेला किंवा चेपलेला सेल कधीही वापरू नये. कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा. वनक्षेत्रात लावायचा तर वनविभागाची परवानगी लागते.

शाळांत आणि विज्ञान मंडळांत हा कॅमेरा शिकवताना पहिला धडा या दुपारच्या फोटोचाच असावा. कार्ड रिकामे आले की आधी ते फोटो मोजावेत. सगळे असतील, तर एवढेच म्हणता येते की त्या दिवसांत कॅमेऱ्यासमोरच्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यात काही टिपले गेले नाही. उरलेल्या फडाबद्दल कॅमेरा काहीच सांगत नाही. म्हणून रात्री पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी आणि सोबतीला माणूस हवाच.