सालींची गाळणी

गुरुग्रामचे सांडपाणी बादशाहपूर नाल्यातून नजफगढ नाल्यात आणि पुढे यमुनेत जाते. पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. संत्र्याच्या टाकाऊ सालीवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली, की तिच्यातील पेक्टिन शिसे, कॅडमियम असे जड धातू अधिक प्रमाणात धरून ठेवते. धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांनी हा स्वस्त उपाय जरूर अजमावावा. घरोघरी मात्र तो नको. धातू नाहीसा होत नाही; पाण्यातून केवळ सालीत जातो. अशी साल उकिरड्यावर पडली, तर तेच विष पुन्हा जमिनीत मुरणार! साल आम्लाने धुऊन धातू वेगळा काढता येतो; तो खर्च कारखान्यानेच सोसला पाहिजे.